गिऱ्हाईक साठीचे, फॅशन आजची

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरी पुतण्याचा निकाह झाला. घरातील सर्व पुरुषांनी बंद गळ्याचा जोधपुरी कोट घालावा असे मुलांनी ठरविले. अब्बांचे वय ७२. त्यांनीही हौसेने होकार दिला. शहरातील एका मोठ्या तयार कपड्यांच्या दुकानात आम्ही सर्वजण गेलो. मुलांचे कोट अर्ध्या तासात ठरले. अब्बांना मात्र एकही कोट बसेना. छातीला बसला तर पोटावर बटण लागत नव्हते. पोटाला बसला तर खांदा दंडावर उतरत होता आणि बाही बोटांपर्यंत येत होती. चार कोट झाले तेव्हा दुकानातील मुलगा म्हणाला, "चाचा, तुम्ही साधा कुर्ता-पायजमा घ्या ना. तोच शोभेल तुम्हाला."

अब्बा काही बोलले नाहीत. घरी आल्यावर मात्र त्यांनी सांगून टाकले, "मला कोट नको. मी आपला ईदचा कुर्ता घालीन."

हा प्रसंग येथे सांगण्याचे कारण घरगुती नाही, व्यवसायाचे आहे. त्या दिवशी दुकानदाराच्या हातून एक गिऱ्हाईक गेले. पैसे खिशात होते, घेण्याची इच्छा होती, निमित्तही होते. नव्हता तो फक्त त्या अंगाचा कपडा. असे गिऱ्हाईक आज गल्लोगल्ली आहे, आणि ज्याला आपण "शिंपीकाम आता संपले" म्हणतो त्या धंद्याकडे ते आपण होऊन चालत येऊ शकते. आपले मास्टर लोक मात्र त्याची वाट पाहण्याऐवजी रेडिमेडला दोष देत बसलेले दिसतात.

संख्या किती आहे ते पाहू. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या वरची माणसे १० कोटी ३८ लाख होती. संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी आणि मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांनी २०२३ मध्ये जो अहवाल काढला, त्याप्रमाणे २०२२ मध्ये ही संख्या १४ कोटी ९० लाखांपर्यंत गेली होती, म्हणजे दर शंभरात दहा-साडेदहा. २०५० पर्यंत ती शंभरात जवळजवळ एकवीस होईल असा अंदाज आहे. यातील सर्वच काही पैसेवाले नाहीत, हे खरे. पण ज्यांना पेन्शन आहे, ज्यांची मुले आखातात किंवा पुण्या-मुंबईत कमावतात, ज्यांनी दुकान मुलाच्या हाती देऊन आता लग्नकार्यांना हजेरी लावायची एवढेच काम ठेवले आहे, अशांची संख्या कमी नाही. त्यांनाही आपण आजच्या काळातील दिसावे असे वाटते. नातवाबरोबर काढलेल्या फोटोत आपण १९८५ सालातून उचलून आणल्यासारखे दिसू नये एवढीच त्यांची अपेक्षा असते.

रेडिमेड का बसत नाही

तयार कपड्याचे माप एका ठरावीक तक्त्यावर चालते. कोटाच्या तक्त्यात छाती आणि कंबर यांत साधारण सहा इंचांचा फरक धरलेला असतो. छाती ४० तर कंबर ३४. पासष्टीच्या माणसात हा फरक दोन इंचांवर येतो, कित्येकदा उरतच नाही. मग मोठा नंबर घ्यावा तर खांदे, बाही, गळा सर्वच मोठे होते. आपल्याकडच्या अंगकाठीप्रमाणे भारताचा स्वतःचा तक्ता असावा म्हणून केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाने आणि निफ्ट या संस्थेने मोठे काम हाती घेतले. सहा शहरांत २५ हजारांवर माणसांची मापे यंत्राने घ्यावयाची असे ठरले. काम चांगले आहे. पण त्यासाठी वयोगट ठरविला तो १५ ते ६५ वर्षांचा. म्हणजे पासष्टीनंतरचे अंग या नव्या तक्त्याच्याही बाहेरच राहिले. कारखान्याला ते परवडत नसेल. आपल्या टेपला परवडते.

अब्बांना मी शेवटी आमच्या जुन्या मास्टरांकडे घेऊन गेलो. मास्टर स्वतः साठी ओलांडलेले. दुकान बोळात, दोन्ही मुलांनी दुसरी कामे धरलेली, त्यामुळे यांच्यानंतर शटर कोण उघडणार हा प्रश्नच आहे. अब्बा टेपसमोर उभे राहिले ते छाती पुढे काढून आणि पोट आत ओढून. मास्टर हसले. म्हणाले, "भाईजान, लष्करात भरतीला नाही चाललात. घरी उभे राहता तसे राहा." मग त्यांनी चहा मागविला, इकडच्या तिकडच्या गोष्टी काढल्या आणि अब्बा विसरले तेव्हा माप घेतले. पोटावर दोन इंच जास्त भरले. डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली आलेला निघाला.

त्यानंतर मास्टरांनी कपाटातून जुनी वही काढून अब्बांचे पान उघडले आणि थोडा वेळ गप्पच बसले. शेवटी म्हणाले, "वीस वर्षे मी तुमचे माप घेतलेलेच नाही. वही बघून कापत होतो. कंबर तेवढी विचारून वाढवत होतो." ईदच्या कुर्त्याचा मागचा घेर दरवर्षी वर का चढतो आणि पुढे झोळ का पडतो, याचे उत्तर त्या पानात होते. हे त्यांनी मोकळेपणाने कबूल केले म्हणूनच मी ते लिहितो आहे. किती मास्टरांच्या वह्या अशा असतील याचा अंदाज वाचकांनी आपापल्या दुकानात करावा.

वयाचे अंग बेतण्याची रीत

पाठीला पोक आले की पाठीची लांबी वाढते व पुढची कमी होते. जुन्या बेताने कापले तर मागून कपडा वर ओढला जातो, कॉलर मानेपासून सुटते आणि पुढचा भाग लोंबतो. म्हणून मानेच्या हाडापासून कमरेपर्यंत पाठीवरून एक आणि त्याच हाडापासून खांद्यावरून पुढे कमरेपर्यंत एक, अशी दोन मापे घ्यावी लागतात. वाढ द्यावयाची ती पाठीत, मुंढ्याच्या वर. खाली घेरात नाही. मान पुढे आलेली असेल तर पुढचा गळा थोडा उतरवावा, नाहीतर वरचे बटण घशाला लागते आणि म्हातारा माणूस ते उघडेच ठेवतो. दोन्ही बाह्यांची मापे वेगवेगळी घ्यावीत. उंचीही वयाबरोबर थोडी कमी होते, तेव्हा जुनी लांबी डोळे झाकून लावू नये.

पँटची गोष्ट याहून नाजूक. पोट पुढे आणि मागची बाजू सपाट, असे हे अंग असते. पुष्कळ कारागीर कंबर वाढवितात ती बाजूच्या शिलाईत. त्याने खिसे उघडे पडतात. वाढ पुढच्या भागात, मध्यावर द्यावी. पुढचे आसन उंच करावे आणि मागचे कमी करावे, म्हणजे बसण्याच्या जागी पिशवी लोंबत नाही. माप उभ्याने घ्यावे तसे एकदा खुर्चीवर बसवूनही घ्यावे. या वयात माणूस दिवसाचा बराच वेळ बसलेला असतो.

आता यात फॅशन कोठे आली? पँटचाच इतिहास पाहा. १९७० च्या दशकात बेलबॉटम, ८० नंतर ९० पर्यंत चुण्यांची ढगळ पँट, २००० नंतर कंबर खाली उतरली, मोहरी आवळत गेली आणि पुढची दहा-पंधरा वर्षे तरुणांनी पायाला चिकटलेल्या पँटी घातल्या. २०२० च्या सुमारास वारे पुन्हा फिरले. कंबर वर आली, चुण्या परतल्या, पाय मोकळे झाले. पोट असलेल्या माणसाला कमरेच्या खाली बसणारी पँट कधीच मानवत नव्हती. ती पोटाखाली घसरते आणि तो दिवसभर ती वर ओढत असतो. आज उंच कमरेची पँट हीच फॅशन आहे. तेव्हा साठीच्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीने असा सोयीचा काळ बऱ्याच वर्षांनी आला आहे.

पण कोणी असे समजू नये की १९९० ची ट्रंकेतली पँट बाहेर काढली की काम झाले. तेव्हाचे कापड टेरिकॉटचे, कडक. आजचे कापड मऊ व पडणारे आहे. सुतात किंवा लिननमध्ये असते आणि पुष्कळदा त्यात थोडा लायक्रा असतो. लायक्राच्या कापडाला गोल टोकाची सुई लागते. साध्या सुईने टाके सुटतात आणि मग "कापडच खराब" असा निकाल मास्टर देतात. सुती व लिनन कापड बेतण्याआधी पाण्यातून काढलेच पाहिजे. शर्टाचा खांदाही आज सैल, खाली उतरता असतो. ज्याचा हात खांद्यात आखडला आहे त्याला हा मोकळा मुंढा म्हणजे आरामच.

एका बाबतीत मात्र आजची फॅशन म्हाताऱ्यांच्या विरुद्ध गेली आहे. नव्या शर्टांना बहुधा खिसाच नसतो. चष्मा, मोबाइल, औषधाची पुडी, दवाखान्याचे कार्ड हे सर्व ठेवायचे कोठे? छातीवर खिसा लावला की शर्ट जुना दिसतो. नाही लावला तर माणसाची अडचण होते. आमच्या मास्टरांनी कोटाला आतून दोन खिसे दिले, आणि कुर्त्याला बाजूच्या शिलाईत मोबाइलच्या मापाचा खोल खिसा. बाहेरून काहीच दिसत नाही. अशा लहानशा गोष्टीकरिता गिऱ्हाईक दुसऱ्या गावाहूनही येते.

बटणांविषयीही तेच. बोटांचे सांधे धरले की १८ लाइनचे शर्टाचे बटण लावणे हे सकाळचे मोठे संकट होऊन बसते. घरात मुलाला किंवा सुनेला हाक मारावी लागते, आणि ती मारायला लागू नये म्हणून माणूस शर्टच सोडून देतो. २४ लाइनचे बटण, थोडे मोठे काज, किंवा वरून शोभेचे बटण व आतून टिच बटण असा उपाय करता येतो. पँटला पुढून सपाट पट्टी आणि फक्त पाठीमागे, बेल्टच्या पट्ट्यांखाली इलॅस्टिक घातले तर पाहणाऱ्याला कळतही नाही. बाजारात चुंबकाची बटणेही मिळतात. ती लावण्यापूर्वी गिऱ्हाइकाच्या छातीत पेसमेकर बसविलेला आहे काय हे जरूर विचारावे. असल्यास चुंबक लावू नये.

बायकांचे कपडे

बायकांच्या शिवणकामात तर हे क्षेत्र जवळजवळ मोकळेच पडले आहे. आमच्या भगिनी घरोघरी मशीन चालवितात, पण वयस्क बाईचे काम आले की "अम्मांचे काय, साधे शिवू" असे म्हणून बाजूला ठेवतात. अम्मांना साधे नको असते. त्यांनाही लग्नातला बोट-नेकचा ब्लाउज दिसतो, कोपरापर्यंतची बाही दिसते. फक्त पाठीमागचे हूक त्यांना लावता येत नाहीत, कारण हात मागे जात नाही. हूक पुढे किंवा बाजूला चेन, आणि पाठीवर शोभेपुरती दोरी कायमची शिवलेली, इतकेच करावयाचे असते. टक्सची जागाही वयाप्रमाणे खाली घ्यावी लागते. विशीतल्या मुलीच्या कागदावर साठीच्या बाईचा ब्लाउज कापला तर तो कधीच बसणार नाही, मग कापड कितीही भारी असो.

सलवार-कमीजचे वारे तर दर पाच-सात वर्षांनी फिरते. २००५-०७ च्या सुमारास आखूड कमीज आणि पटियाला सलवार, त्यानंतर टाचेपर्यंतचे अनारकली, मग सरळ कुर्ती आणि पलाझो. पलाझो वयस्क बाईला आरामाचा आहे, पण त्याचा घेर पायात येतो आणि जिन्यावर घात होतो. या वयात एकदा पडणे म्हणजे खुब्याचे हाड आणि सहा महिन्यांचे अंथरूण. लांबी घोट्याच्या दोन इंच वर ठेवावी. तीच लांबी आज चालतेही. अबायाचे तसेच. पुढून उघडणारा, दुबईच्या धाटणीचा अबाया आता आपल्या शहरांतूनही रुळला आहे, आणि डोक्यावरून घालायच्या जुन्या बुरख्यापेक्षा तो घालणे-काढणे सोपे आहे. पण त्याच्या घंटेसारख्या रुंद बाह्या गॅसच्या शेगडीजवळ धोक्याच्या आहेत, विशेषतः कापड पॉलिस्टरचे असेल तर; ते पेटते व वितळून कातडीला चिकटते. मनगटाला आतून एक बारीक इलॅस्टिक किंवा टिच बटण दिले तर बाहीचा डौल जात नाही आणि धोका कमी होतो.

रंगाविषयी एक गोष्ट कापड दुकानदारांनी ध्यानात ठेवावी. वयाबरोबर डोळ्यातील भिंग पिवळसर होत जाते. त्यामुळे गडद निळा आणि काळा यांतील फरक कळणे कठीण होते. दुकानातील पिवळ्या दिव्याखाली घेतलेले कापड घरी गेल्यावर वेगळे निघाले अशी तक्रार म्हातारे गिऱ्हाईक करते, तेव्हा ते हुज्जत घालीत नसते. कापड दाराशी, उजेडात नेऊन दाखवावे.

आणि रंगाचाच दुसरा वाद घरात असतो. पैसे मुलगा देतो, कपडा बाप घालतो. बापाला शेवाळी किंवा मरून रंगाची बंडी हवी असते, मुलगा म्हणतो, "अब्बा, या वयात लोक काय म्हणतील?" दुकानदार पैसे देणाऱ्याचे ऐकतो आणि राखाडी कापड फाडतो. माझे मत असे की, येथे दुकानदाराने घालणाऱ्याची बाजू घ्यावी. राखाडी कपडा ट्रंकेत पडून राहतो, आणि ते गिऱ्हाईक पुढच्या वर्षी येत नाही.

इतर कारागिरांपुरते थोडक्यात. मणियार बंधूंना हे ठाऊकच आहे की बोटांचे पेर सुजले की बांगडी हातात चढत नाही. पेचाने उघडणारी कडी ठेवली तर ती सासवाही घेतील. पादत्राणांत कुर्त्याखाली खेळाचे बूट घालण्याची पद्धत आली आहे, ती वयस्कांच्या पायाला सोयीची आहे. वयाबरोबर पाऊल रुंद होते, तेव्हा लांबीचा नंबर न वाढविता रुंदी वाढविणारा कारागीर आणि टाचेमागे पट्टा असलेली चप्पल यांना मागणी राहील. चष्म्याच्या मोठ्या फ्रेमीही पुन्हा आल्या आहेत.

जपानने याचा बाजारच केला आहे. टोकियो शहरात सुगामो नावाच्या भागात एक लांब बाजारपेठ आहे. तिला लोक गमतीने "आजीबाईंचे हाराजुकू" म्हणतात. हाराजुकू ही तेथील तरुणांच्या फॅशनची पेठ. सुगामोतील दुकाने मुख्यतः वयस्क बायकांकरिता माल ठेवतात. तेथील लाल अंतर्वस्त्रांचे दुकान तर प्रसिद्धच आहे. महिन्याच्या ४, १४ आणि २४ तारखेला तेथे जत्रेसारखी गर्दी होते. जो वर्ग बाकीच्या बाजाराने सोडून दिला होता, त्याच्यावर तेथे एक पूर्ण रस्ता चालतो.

मास्टरांनी शिकावे कोठून

कारागिराचे वय झाले की त्याची नजरही उस्तादाने शिकविलेल्या कटावर थांबते, ही खरी अडचण आहे. हात चालतो, पण डोळा मागे राहतो. आमच्या मास्टरांनी अब्बांच्या कोटाकरिता जे केले ते सांगतो. त्यांनी माझ्या मुलाचा रेडिमेड जोधपुरी एक रात्र मागून घेतला, उलटा केला आणि प्रत्येक शिलाई पाहिली. बक्रम कोठपर्यंत आहे, मार्जिन किती सोडले आहे, खांद्यात पॅड किती पातळ आहे, हे सर्व वहीत लिहिले. नंतर जुन्या बाजारातून एक वापरलेला शर्ट घेऊन त्याची प्रत्येक शिलाई उसवली आणि तुकड्यांवरून कागद काढले. मोबाइलवर चित्रे पाहून फक्त बाहेरचे रूप कळते. उसवल्यावर बेत कळतो. हा वर्ग बिनफीचा आहे.

साधनांकरिता केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना आहे. १७ सप्टेंबर २०२३ पासून ती सुरू झाली असून तिच्यातील १८ कामांत शिंपीकाम आहे, चर्मकाम आहे. थोड्या दिवसांचे प्रशिक्षण, १५ हजार रुपयांपर्यंत अवजारांची मदत आणि ५ टक्के व्याजाने प्रथम एक लाख व नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. एका कुटुंबातील एकालाच लाभ मिळतो आणि नोंदणी सेवा केंद्रातून होते. व्याजाच्या व्यवहारात पडू न इच्छिणाऱ्यांनी कर्जाचा भाग सोडून प्रशिक्षण व अवजारे यांची चौकशी करावी.

शिलाई किती लावावी हेही बोलले पाहिजे. दोन ट्रायल, दोन बाह्यांची वेगळी मापे, आतले खिसे यांत साध्या कामापेक्षा दीडपट वेळ जातो. तो आधी सांगून घ्यावा. कपडा देताना वाढीव आकडा सांगणे योग्य नाही. पेन्शनवरचा माणूस रागावत नाही, पण परत येत नाही. आणि जी फॅशन त्या अंगाला बसणार नाही ती शिवून देण्यापेक्षा तसे तोंडावर सांगावे. अब्बांना कोट मुलांसारखा आखूड हवा होता. मास्टरांनी नकार दिला. म्हणाले, "पाठीमागून वर दिसेल. दीड इंच लांब ठेवतो, पुढून कळणार नाही." पहिल्या ट्रायलला कच्च्या शिलाईवरच अब्बा आरशासमोर बराच वेळ उभे राहिले.

निकाहच्या दिवशी त्यांनी तो कोट सकाळी अकराला घातला आणि रात्री दहाला काढला. बटणे स्वतःच लावली. त्या गर्दीत त्यांच्या वयाच्या तिघांनी मास्टर कोण म्हणून विचारले. त्यातले दोघे पुढच्या आठवड्यात त्या बोळात पोहोचले.

रमजानमध्ये पंधराव्या-विसाव्या रोज्यापर्यंत आपल्या मास्टरांकडे बुकिंग बंद होते, आणि त्या घाईत ट्रायल घेणे कोणालाच शक्य नसते. म्हणून आमच्या मास्टरांनी आता साठीच्या वरच्या गिऱ्हाइकांकरिता वेगळी वही केली आहे. त्यांचे काम ते रजब-शाबानमध्येच घेतात. प्रत्येक पानावर वर तारीख असते, आणि एक वर्ष जुने झालेले माप ते लाल पेन्सिलीने खोडतात.